मदत हवी आहे: काळ्या मेंढरासाठी लोकर आणि एक गोष्ट

प्रभूच्या नावात सलाम. आमच्या वानवडीच्या मंडळीची रविवारची उपासना झूमवरही असते. जिना उतरता न येणारे आजी-आजोबा आणि परगावी गेलेली कुटुंबं तिथंच भेटतात. मुलांसाठी मी मोज्यांची दोन मेंढरं केलीत, बटणांचे डोळे, कापसाचं अंग. मुलांचा त्यांच्यावर फार जीव.

गेल्या रविवारी बायबलमधल्या लूक १५ मधल्या हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होते. सात वर्षांची एक सावळी मुलगी म्हणाली, "ताई, ते काळं असणार. काळी वाईट असतात ना?" मला पुढचं वाक्यच सुचेना. अहो, आपल्या दख्खनी मेंढ्या तर बऱ्याचशा काळ्याच! धनगराच्या घोंगडीचा रंगही तोच.

आता काळं मेंढरू करायचंय, आणि ते हरवलेलं नाही, कळपाच्या पुढं चालणारं. पुण्यात खरी दख्खनी काळी लोकर सुटी, थोडीशी, कुठं मिळेल?

दुसरं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग १९५९ मध्ये भारतात आले, तेव्हा केरळातल्या एका शाळेत त्यांची ओळख 'अमेरिकेतले अस्पृश्य' अशी करून दिली. आधी ते चपापले, मग त्यांना ते पटलं. ही गोष्ट सात-आठ वर्षांच्या मुलांना कशी सांगू? त्यांतल्या काहींच्या घरी जातीचा घाव अजून ओला आहे. स्क्रीनवर सगळ्यांसमोर कुणी अवघडून जायला नको, पण विषय टाळायचाही नाही. संडे स्कूल घेणाऱ्यांनी कृपया आपला अनुभव लिहा.