गाबाचा ट्रान्सपोर्टर बिघडलाय म्हणतात, मग गाबा साठूनही भाचीला फिट का येतात?

रोठावाला (श्रीवर्धन):
माझी भाची ५ वर्षांची आहे. तिला फिट येतात, म्हंजे हातपाय झाडत नाही, पण खेळताखेळता काही सेकंद एकटक बघत राहते, हाक मारली तरी ओ देत नाही आणि मग परत खेळायला लागते. जीन टेस्टमध्ये एसएलसी६ए१ नावाच्या जीनमध्ये बदल निघाला. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या पेशींतून सुटलेला गाबा नावाचा पदार्थ उचलून परत पेशीत नेणारा ट्रान्सपोर्टर नीट चालत नाही. आता गाबा म्हणजे मेंदूचा ब्रेक ना? तो उचललाच जात नाही तर ब्रेक जास्तच लागायला हवा, मग फिट कशा? आणि टायगाबीन म्हणून फिटचं औषध आहे ते हाच ट्रान्सपोर्टर मुद्दाम अडवतं म्हणे! दोन रात्री डोक्यात हेच चाललंय.

न्यूरो_पीजी:
दादा, ब्रेक जास्त लागतो हे खरंच आहे, पण कुठे लागतो ते बघा. न उचललेला गाबा आजूबाजूला पसरतो आणि थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागातल्या पेशींवर सतत हलका दाब ठेवतो. या पेशी बराच वेळ दबून राहिल्या की त्यांचे टी-टाइप कॅल्शियम चॅनल (कॅल्शियम आत सोडणारी दारं) उघडायच्या तयारीत येतात, मग जरा संधी मिळाली की सगळ्या एकदम फायर करतात, थॅलॅमस आणि कॉर्टेक्स (मेंदूचा बाहेरचा थर) एका तालात अडकतात, ईईजीत म्हणजे मेंदूच्या विजेच्या आलेखात सेकंदाला साधारण ३ लाटा दिसतात आणि पोर तेवढा वेळ हरवतं. टायगाबीन मोठ्यांच्या फोकल म्हणजे मेंदूच्या एकाच भागातून सुरू होणाऱ्या फिटला जोडीचं औषध म्हणून देतात, पण भाचीसारख्या फिट त्याने वाढू शकतात.

गुहागरची_बाई:
मी सायन्स शिकवते. गाबा ब्रेक तर ग्लुटामेट हा मेंदूचा ॲक्सिलरेटर, त्याचीही बाजू बघा, कारण त्याला बाहेरच्या बाहेर मोडणारं एंझाइमच नाही, उचलूनच न्यावं लागतं आणि ते काम मुख्यतः ॲस्ट्रोसाइट म्हणजे न्यूरॉनना सांभाळणाऱ्या मदतनीस पेशी करतात. मुलांना मी वाडीतला रहाट सांगते. एक ग्लुटामेट आत ओढायला ३ सोडियम आत येतात, म्हणजे सोडियम हा बैल, आणि बैलाला वैरण घालतो एटीपीवर (पेशीच्या इंधनावर) चालणारा सोडियम-पोटॅशियम पंप. स्ट्रोकमध्ये रक्त थांबलं की वैरण संपते आणि रहाट उलटा फिरून ग्लुटामेट बाहेर ओततो, पेशी त्यानेच मरतात. एरवी ॲस्ट्रोसाइट त्याचं ग्लुटामाइन करून न्यूरॉनला परत देते, न्यूरॉन त्यातून पुन्हा ग्लुटामेट आणि त्यातूनच गाबा बनवतो. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्हीला पाणी एकाच विहिरीचं! मला हे दरवेळी शिकवताना नवीनच वाटतं.

न्यूरो_पीजी:
@रोठावाला तुमच्या नावातली रोठा सुपारी बघून आठवलं, टायगाबीनचं मूळ सुपारीत आहे. सुपारीतली अल्कलॉइड (वनस्पतीतली औषधी-विषारी रसायनं) चुन्याबरोबर बदलतात, त्यातून ग्वॅसिन तयार होतं आणि ते गाबा ट्रान्सपोर्टर अडवतं. त्यावरून निपेकोटिक ॲसिड आणि पुढे टायगाबीन आलं. ही दोन्ही मेंदूत फारशी शिरत नाहीत म्हणून निपेकोटिक ॲसिडला चरबीत विरघळणारी शेपटी जोडावी लागली, तेच टायगाबीन. घरात कुणी पोरीला सुपारी चघळायला देऊ नका हं, ती कॅन्सरकारक आहे.

रोठावाला:
अख्खं आयुष्य रोठा सुपारीत गेलं आणि हे आज कळतंय. भाचीला सध्या व्हॅल्प्रोएट हे फिटचं औषध चालू आहे, फिट बऱ्याच कमी आहेत. टायगाबीनने अशा फिट वाढू शकतात, याबद्दल डॉक्टरांना विचारायचं म्हणून बहिणीच्या फाइलवर लिहून ठेवतो, कारण उद्या दुसऱ्या गावात दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं तर एवढं तरी सांगता यायला पाहिजे. बाई, रहाटाचं चित्र काढून टाकाल का? बहिणीला दाखवायचंय.