सूचनाफलकावरचे ‘डेनिझन्स’

बी-४०२: सचिव महोदय, टाकीच्या सफाईच्या सूचनेत आपण आम्हांस ‘डिअर डेनिझन्स’ असे संबोधले आहे. गेल्या वर्षी पार्किंगच्या सूचनेत ‘इनमेट्स’ लिहून आपण सर्वांना कैदी ठरवले होते. आताचा ‘डेनिझन’ हा शब्द इंग्रजीत समुद्रातल्या माशांना आणि रानातल्या श्वापदांनाही लावतात.

सचिव: काका, इंग्रजी वृत्तपत्रे शहरवासीयांसाठी नेहमी हाच शब्द वापरतात.

सी-२०३: मराठीत ‘रहिवासी’ हा शब्द असताना ही उठाठेव कशासाठी?

खजिनदार: लेव्हीजने २०१० साली ‘डेनिझन’ याच नावाच्या जीन्स आणल्या होत्या. सचिवांनी लेबल वाचून सूचना लिहिली असावी.

ए-१०४: मी भाडेकरू असले, तरी इंग्रजी शिकवण्यात आयुष्य गेले, म्हणून लिहिते. या शब्दाच्या मुळाशी ‘आत’ या अर्थाचा जुना फ्रेंच शब्द आहे. पुढे इंग्लंडच्या कायद्यात मात्र ज्या परकीयाला राजा सनद देऊन काही हक्क बहाल करी, त्याला हे नाव पडले. त्याला जमीन विकत घेता येई, पण वारशाने मिळत नसे, आणि १७०१ च्या कायद्याने तर त्याला संसदेची दारेही बंद केली. तेव्हा सचिवांचा शब्द अगदीच चुकलेला नाही, फक्त तो माझ्यासारख्यांपुरताच खरा आहे.

बी-४०२: मॅडम, आपल्या व्यासंगाविषयी आदर आहे. परंतु सोसायटी सभासदांची असते, त्यामुळे सूचनेत ‘मेंबर्स’ असेच हवे होते.

सी-२०३: मी पुन्हा नम्रपणे विचारते, ‘रहिवासी’ या शब्दाने कोणाचे काय बिघडवले आहे?

ए-१०४: काका, माझे घरमालक टोरांटोला असतात. सभासद ते, सभेत मतही त्यांचेच, आणि टाकी धुण्याच्या दिवशी पहाटे उठून सहा बादल्या भरणारी मी. ज्या घरात मी अकरा वर्षे राहते आहे, त्याच घराच्या बिलात, मालक स्वतः राहत नाहीत म्हणून, सेवाशुल्काच्या १० टक्के ‘बिनभोगवटा शुल्क’ लागते. म्हणजे कागदोपत्री तिथे भोगवटाच नाही! त्यापेक्षा ‘डेनिझन’ बरा, निदान आत असल्याची नोंद तरी होते.

खजिनदार: ते शुल्क शासनाच्या २००१ च्या आदेशानुसार आहे, आमच्या मनाचे नाही. दहा टक्के ही कमाल मर्यादा आहे, एवढेच नमूद करतो.

बी-४०२: कमाल मर्यादा असताना आपण नेमकी तीच आकारता, हेही नमूद करावे.

सचिव: विषय शब्दाचा होता. फलकावर दुरुस्ती करून ‘सर्व रहिवास्यांना कळविण्यात येते’ असे लिहिले आहे.

सी-२०३: ‘रहिवाशांना’. मासा, माशांना, तसेच रहिवासी, रहिवाशांना.

बी-४०२: पुन्हा मासे आलेच.