बांडगुळाचं इंजेक्शन आणि केमो

मंजिरी_श्टुटगार्ट: काल इथे कुणी लिहिलं, "अँथ्रोपॉसॉफीवाले म्हणजे जर्मन भोंदू, केमो बंद करून झाडपाला टोचतात." राहवलं नाही. अँथ्रोपॉसॉफी म्हणजे नेहमीच्या उपचारांना स्वतःची जोड देणारी, जर्मनीत चालणारी एक वैद्यकपद्धत. सासूबाईंना स्तनाचा कर्करोग होता. ऑपरेशन झालं, केमोचा एकही डोस चुकला नाही. जोडीला आठवड्यातून तीनदा बांडगुळाच्या अर्काचं इंजेक्शन. नर्स रोज अर्धा तास पोटावर गरम ओल्या फडक्याचा शेक द्यायची, मग कुठे त्यांना झोप लागायची. पुण्यात माझे बाबा महिनाभर वॉर्डात होते, त्यांच्याजवळ कुणी पाच मिनिटं बसलं नाही.

डॉ_अभय: झोप लागली म्हणून गाठ विरघळत नाही. बांडगूळ सुचवलं अँथ्रोपॉसॉफीच्या संस्थापकाने, रुडॉल्फ श्टायनरने, तो डॉक्टरच नव्हता. म्हणे बांडगूळ झाडावर जगतं तशी गाठ शरीरावर! हे औषधशास्त्र? 2008 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे सगळे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात, आयुष्य वाढल्याचा पुरावा कच्चाच निघाला.

मंजिरी_श्टुटगार्ट: त्याच आढाव्यात केमोचा त्रास थोडा सुसह्य होत असावा असंही आहे. ते का गाळलंत?

विदर्भी_माणूस: जर्मनीचं राहू द्या. आपल्याकडे वर्षभराचा सीसीएमपी, म्हणजे आधुनिक औषधांचा कोर्स, केला की होमिओपॅथ अ‍ॅलोपॅथी लिहिणार. 2020 मध्ये आयुर्वेदाच्या पदव्युत्तरांना 58 शस्त्रक्रियांची मुभा. माझ्या भावाला अशाच एकाने टायफॉइड म्हणून आठ दिवस सलाईन लावलं. निघाला डेंग्यू.

सोनचाफा_बीएचएमएस: भावाचं वाईट वाटलं, पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. पोलादपूरच्या वर रात्री दोन वाजता विंचू चावलेलं पोर येतं तेव्हा एमडी कुठे असतो? मी असते. प्राझोसिन देते. रक्तदाबाचं हे औषध विंचवाच्या विषावर चालतं हे महाडच्या डॉ. बावस्करांनी दाखवून दिलं म्हणून आज पोरं वाचतात.

विदर्भी_माणूस: डॉक्टर नाहीत म्हणून अर्धे डॉक्टर चालवून घ्यायचे? सरकारला हेच हवंय.

सोनचाफा_बीएचएमएस: अर्धे कोणाला म्हणता? एक रात्र इथे येऊन काढा.

मंजिरी_श्टुटगार्ट: दोन्ही गोष्टींची गल्लत होतेय. जर्मनीतलं हेरडेकेचं अँथ्रोपॉसॉफी रुग्णालय 1969 पासून चालू आहे, तिथे आयसीयूही आहे. अँथ्रोपॉसॉफीचा डॉक्टर आधी पूर्ण वैद्यकीय पदवी घेतो, मग वरून हे शिकतो. आपल्याकडे नेमकं उलटं.

डॉ_अभय: बरं, हा फरक मान्य. केमो पूर्ण दिला हेही मान्य. बांडगूळ नाही. आणि शेक द्यायला श्टायनर कशाला हवा? आमच्या वॉर्डात चाळीस खाटांना दोन सिस्टर. अर्धा तास कोण देणार, ते सांगा.