देश एवढासा, तरी कारखाने एकाच कोपऱ्यात का?

कोथरूडची_अर्थशास्त्री
एम.ए.च्या प्रोजेक्टसाठी विचारते आहे. लुधियानाहून पुण्याला सुटे भाग यायला ट्रकला तीन-चार दिवस लागतात, म्हणून पुरवठादार जवळ हवेत, हे पटतं. पण स्वित्झर्लंडचं क्षेत्रफळ ४१,२८५ चौ. किमी. म्हणजे आपल्या अडीच पुणे जिल्ह्यांहून जरासं जास्त. जिनिव्हाहून बाझेलला तीन तासांत पोचता येतं. तरी घड्याळं मुख्यतः जुराच्या डोंगरपट्ट्यात आणि औषधं बाझेलला. तैवानमध्येही चिपचं काम सिंचूभोवती, मशीन टूल्स ताइचुंगभोवती. वाहतुकीचा खर्च नगण्य असेल तर उद्योग देशभर पसरत का नाहीत? सरकारी सवलती, एवढंच कारण आहे का?

भोसरीचा_टर्नर
भोसरी एमआयडीसीत माझं वर्कशॉप आहे, टर्निंगचं, म्हणजे लेथवर धातू कातून द्यायचं जॉबवर्क करतो. वाहतुकीचा खर्च जरा बाजूला ठेवा. छोट्या हत्तीचं भाडं आमच्या हिशेबात फार मोठं नसतंच. जवळ राहावं लागतं ते बिघडलेल्या मालासाठी.

एक शाफ्ट घ्या. टर्निंग माझ्याकडे, हार्डनिंग (भट्टीत तापवून कडक करणं) पलीकडच्या गल्लीत, ग्राइंडिंग (घासून अचूक मापाला आणणं) तिसऱ्याकडे. लांब, बारीक शाफ्ट भट्टीतून निघाला की थोडा तरी वाकतो. ग्राइंडिंगसाठी मी व्यासावर ०.३ मिमी माल ठेवलेला असतो. शाफ्ट फिरवताना मोजणीच्या डायलचा काटा जेवढा हलतो तो रनआउट; तो त्याहून जास्त आला, तर ग्राइंडिंगमध्ये एक बाजू चकचकीत होते आणि दुसरी काळीच राहते. शाफ्ट रिजेक्ट. आता दोष कुणाचा? माझ्या टर्निंगचा, भट्टीत शाफ्ट आडवे रचले त्याचा, की स्टीलच्या त्या लॉटचा? फोनवर हे सुटत नाही. आम्ही तिघं शाफ्ट टेकवायच्या खाचेच्या ठोकळ्याभोवती, व्ही-ब्लॉकभोवती उभे राहतो, शाफ्ट हाताने सावकाश फिरवतो आणि काटा कुठे सरकतो ते तिघंही बघतो. मग भट्टीवाला म्हणतो, पुढचा लॉट उभा टांगून करू. मी म्हणतो, मी ०.४ ठेवतो. यातलं काहीही ड्रॉइंगवर लिहिलेलं नसतं.

वाकलेला शाफ्ट प्रेसवर ठोकून सरळ करणारा कारागीरही याच भागात बसतो. एका कारखान्याच्या कामावर त्याचं घर चालणार नाही, पन्नास वर्कशॉपांचं काम मिळून चालतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच दिसतं. देश छोटा म्हणजे अशा माणसाला गिऱ्हाईकंही मोजकीच. ती चार दिशांना विखुरली तर तो जगणारच नाही, आणि तो नसेल तर बाकीच्यांचं काम अडतं. म्हणून छोट्या देशात एकत्र बसण्याची गरज उलट जास्तच असते.

माणसांचंही तसंच. चांगल्या सीएनसी सेटरला, म्हणजे संगणकावर चालणारं मशीन कामाला लावून देणाऱ्याला, इथे घर न बदलता, पोरांची शाळा न बदलता दुसरी नोकरी मिळते. म्हणून तो या भागात टिकतो, आणि तो टिकतो म्हणून नवा मालकही शेड इथेच शोधतो. शिवाय स्टीलच्या बारचा (सळ्यांचा) व्यापारी उधारी देतो ती ओळखीवर. परगावच्या नव्या पार्टीला तो आधी रोख मागतो.

सवलतींनी सुरुवात होते, हे खरं. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ साली आलं, एमआयडीसी १९६२ची, साठच्या दशकात टेल्को (आताची टाटा मोटर्स) आली. पण सवलत इतर ठिकाणीही मिळते. टेल्कोत अप्रेंटिस म्हणून शिकलेल्या किती जणांनी पुढे भोसरीत स्वतःचे लेथ टाकले, ते बघा. तेवढी शिकलेली माणसं नव्या ठिकाणी आणायची कुठून?

जुने_काटे
टर्नरसाहेबांनी सांगितलेली साखळी घड्याळांत तंतोतंत दिसते. जिनिव्हात धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या काळात, सोळाव्या शतकात, दागिन्यांवर बंधनं आली. सोनार घड्याळांकडे वळले, फ्रान्समधून पळून आलेल्या प्रोटेस्टंट कारागिरांची भर पडली. पुढे काम जुरात पसरलं. तिथे हिवाळा लांब, शेती ठप्प, हात रिकामे. एका घरात काटे, दुसऱ्यात स्प्रिंगा, तिसऱ्यात डायल, आणि सगळं गोळा करून घड्याळ जुळवून घेणारा व्यापारी वेगळा. म्हणजे जॉबवर्कच! ला शो-द-फाँ हे गाव १७९४च्या आगीनंतर पुन्हा वसवलं, तेव्हा कारागिरांच्या खोल्यांत उजेड यावा म्हणून पुढे घरांच्या लांब समांतर ओळी आखल्या. शेजारच्या ल लोक्लसह ते २००९पासून जागतिक वारसा यादीत आहे.

बाझेलचं मूळ रेशमी फितींमध्ये आहे. फितींना रंग हवेत म्हणून रंगांचे कारखाने आले आणि त्या रसायनशास्त्रातून पुढे औषधं निघाली.

कोथरूडची_अर्थशास्त्री
दोघांचेही आभार. पण जागा महागली की ही साखळी तुटत नाही का? भोसरीतले लोक चाकणला गेलेच ना?

भोसरीचा_टर्नर
गेले, पण कोण गेलं आणि किती लांब गेलं ते बघा. चाकण इथून साधारण वीस किलोमीटर. ज्यांना मोठे प्रेस, मोठी असेंब्ली लाइन टाकायची होती, ते गेले. भोसरीत तेवढी जागा कुठून मिळणार? हार्डनिंग, ग्राइंडिंग, टूल रूमची कितीतरी कामं अजून इथेच होतात आणि मोशीच्या ट्रॅफिकमधून माल रोज ये-जा करतो. तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीनेही मोठे कारखाने ताइचुंग आणि ताइनानला काढले, पण मुख्यालय आणि संशोधन सिंचूलाच ठेवलं. नवीन काम जमेपर्यंत माणसं समोरासमोर लागतात. एकदा बसलं की ते थोडं लांब नेता येतं.

प्रोजेक्टसाठी प्रत्यक्ष बघायचं असेल तर या. गुरुवार सोडून कधीही, गुरुवारी इथे सुट्टी असते. भट्टीवाल्याकडे आणि ग्राइंडिंगवाल्याकडेही नेतो, चालत जाण्याएवढंच अंतर आहे.