युरोप १५ दिवस: नऊ शहरं लिहिलीत, त्यातली कोणती खोडू? (आई शाकाहारी)

निघू_का:
नमस्कार मंडळी. सप्टेंबरमध्ये मी, बायको आणि आई असे तिघं पहिल्यांदाच युरोपला निघालोय, हातात १५ दिवस आहेत. यादी करायला बसलो आणि ती वाढतच गेली, पॅरिस, ॲमस्टरडॅम, प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, व्हेनिस, रोम, नेपल्स आणि शेवटी लिस्बन. बायकोचं म्हणणं की यात अर्धा वेळ बॅगा भरण्यातच जाईल, ते मलाही पटतंय पण खोडायला हात होत नाहीये.

आम्हाला बाजारात फिरायला आवडतं, तिथली माणसं जे खातात ते त्यांच्यात बसून खायला आवडतं, एखादं म्युझियम असेल तर घाई न करता बघायला आवडतं. आई ६४ ची आहे, सपाटीला आमच्यापेक्षा जास्त चालते पण जिने आणि चढ सलग आले की गुडघा दुखतो. पूर्ण शाकाहारी, अंडं चालतं, मासे नाहीत. तिची एकच अट आहे, रोज चीज पिझ्झा आणि बटाट्याच्या फ्राइजवर दिवस काढायचे नाहीत, तिथलं खरं जेवण मलाही मिळायला हवं. मला ही अट अगदी रास्त वाटते. तर कोणती शहरं ठेवू आणि आईच्या जेवणाचं कसं करू, अनुभव असेल तर सविस्तर लिहा प्लीज.

पायपीट:
नऊमधली सहा खोडा आणि एक नवीन घाला. माझं स्पष्ट मत आहे कारण मी पहिल्या खेपेला बारा दिवसांत सात शहरं केली होती, आज फोटो बघूनच आठवतं कुठे काय होतं ते. शहर बदलायचं म्हणजे चेक-आउट, स्टेशन, गाडी, परत चेक-इन, दोन तासांचा प्रवास असला तरी दिवसातले पाच-सहा तास जातात आणि जातात ते नेमके दुपारच्या जेवणाचे.

मी असा मार्ग सुचवेन, नेपल्स ४ रात्री, रोम ४, बोलोन्या ३, मग रात्रीच्या गाडीने व्हिएन्ना २. नेपल्सला उतरायचं आणि व्हिएन्नाहून परतायचं, मल्टी-सिटी तिकीट काढलं की मागे यायला लागत नाही. नेपल्स ते रोम हायस्पीड गाडीने सव्वा तासाच्या आसपास, रोम ते बोलोन्या दोन-सव्वादोन तास. जास्त रात्री इटलीत होतील, म्हणजे शेंगेन व्हिसाचा अर्जही इटलीकडेच करायचा.

बोलोन्या तुमच्या यादीत नव्हतं, पण आईंसाठी तेच घ्या. शहर बऱ्यापैकी सपाट आणि रस्त्याच्या कडेने सगळीकडे कमानींचे पोर्टिको, ऊन असो पाऊस असो माणूस सावलीतूनच चालतो. हे पोर्टिको २०२१ साली युनेस्कोच्या यादीत आले. सान लुकाच्या टेकडीवर जाणारा तर ६६६ कमानींचा आहे, पण तो चढ आहे तेव्हा आईंना वर नेणारी छोटी टुरिस्ट ट्रेन घ्या. मुख्य चौकाला लागून क्वाद्रिलातेरो म्हणून जुन्या बाजाराच्या गल्ल्या आहेत, सकाळी लवकर जा. मी तिथे एका खिडकीबाहेर वीस मिनिटं उभा होतो, आत एक बाई लांब लाटण्याने पिवळीधमक पोळी लाटत होती, ती टेबलाच्या कडेवरून खाली लोंबेपर्यंत लाटली, मग पटापट चौकोन पाडले, मधे सारण, घडी, आणि दोन्ही टोकं बोटाभोवती आणून चिमटली.

नेपल्सचा एक हिशोब लक्षात ठेवा, मंगळवारी तिथलं पुराणवस्तू संग्रहालय आणि सान्सेवेरो चॅपेल दोन्ही बंद असतात. म्हणून मंगळवार पाँपेईला, म्हणजे ७९ साली ज्वालामुखीने गाडलेल्या जुन्या शहराला, ठेवा. पाँपेईत दिवसाला २०,००० लोकांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, आधीच काढा. सान्सेवेरोमध्ये १७५३ सालचा सानमार्तीनोचा झाकलेला ख्रिस्त आहे, संगमरवराचं ओढणीसारखं पातळ वस्त्र आणि त्याखाली कपाळावरची शीर दिसते, फोटो काढू देत नाहीत ते बरंच आहे, सगळे नुसते बघत उभे असतात. याचंही बुकिंग आधी करा, आयत्या वेळी मिळत नाही. पाँपेई आधी करून मग पुराणवस्तू संग्रहालयात गेलात तर ७९ साली भट्टीत कोळसा झालेला पाव बघा, गोल, वर फाकी पाडलेल्या. आईंना तो नक्की आवडेल.

आणि तारखा जुळत असतील तर १९ सप्टेंबर नेपल्समध्येच काढा. सान जेन्नारोचा दिवस असतो, कॅथेड्रलमध्ये संताचं सुकलेलं रक्त कुपीत पातळ होतं का ते बघायला आख्खं शहर जमतं. कोणाची श्रद्धा असो नसो, त्या सकाळी त्या शहराचा जीव कशात आहे ते कळतं.

तोंडी_लावणं:
आईंच्या जेवणाबद्दल मी लिहिते, मी स्वतः शाकाहारी आहे आणि इटलीत दोनदा, ऑस्ट्रियात एकदा राहून आलेय. पहिलं सांगते, नुसतं व्हेजिटेरियन म्हणून थांबू नका. काही ठिकाणी त्याचा अर्थ मांसाचा तुकडा नाही एवढाच होतो, रस्सा हाडांचा असू शकतो. "सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा ब्रोदो दि कार्ने" एवढं कागदावर लिहून ठेवा, मांस नको, मासे नको, मांसाचं पाणी नको. मी कागद दाखवला की वाढणारी माणसं स्वतः आत जाऊन विचारून यायची, कधी कोणी कपाळाला आठ्या घातल्या नाहीत.

नेपल्समध्ये पिझ्झा खायचाच, पण मारिनारा घ्या. त्यावर चीज नसतंच, टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि ऑलिव्ह तेल, म्हणजे आईंची अटही मोडत नाही. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांची कला २०१७ साली युनेस्कोच्या यादीत आली, ती का आली हे मारिनारा खाल्ल्यावर कळतं कारण त्यात लपायला काही नसतं, पीठ आणि आच दोनच गोष्टी. वांग्याची पार्मिजाना घ्या, मिळाली तर फ्रिआरिएल्ली ही कडवट पालेभाजी घ्या. जपायचं ते स्फोल्यातेल्ला (पापुद्र्यांची गोड पेस्ट्री) आणि मिरीवाल्या ताराल्लीला (कडक गोल कडी), दोन्हीत पारंपरिक पद्धतीत डुकराची चरबी असते, दिसत नाही म्हणून लोक फसतात. स्त्रुत्तो किंवा सुन्या हे त्या चरबीचे शब्द पाठ करा.

रोममध्ये काचो ए पेपे हा पास्ता, चीज आणि मिरी, बस्स. सुप्ली हा भाताचा तळलेला गोळा दिसायला निरुपद्रवी पण नेहमीच्या प्रकारात खिमा असतो, विचारून घ्या. पिझ्झा अल तालिओ वजनावर मिळतो, बोटाने दाखवायचं एवढा, ते कात्रीने कापून देतात, भोपळ्याच्या फुलांचा दिसला तर घेताना त्यात अँचोव्ही मासा नाही ना ते बघा.

बोलोन्यात एका अक्षराचा फरक आहे तो नीट वाचा. दोन्ही सारण भरलेले पास्ते, तोर्तेल्लीनी छोटे, त्यात मांस. तोर्तेल्लोनी मोठे, त्यात रिकोटा चीज, लोणी आणि सेजच्या पानांबरोबर येतात. पायपीटनी पाहिलेली बाई कुठले करत होती ते माहीत नाही पण हे मोठे मी तीन दिवसांत तीनदा खाल्ले.

हो, अजून एक, पार्मिजानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करायचा पदार्थ) वापरतात. आईंना ते चालतं का हे निघण्याआधीच विचारून घ्या. माझ्या मावशीला हे सहलीच्या नवव्या दिवशी कळलं आणि तिला फार लागलं, आधी सांगायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

दर्यावर्दी:
वरचा मार्ग चांगलाच आहे पण लिस्बन एवढ्या सहज खोडलंत याचं मला वाईट वाटलं म्हणून लिहितोय. अल्फामाच्या गल्लीत रात्री फादो, म्हणजे तिथली हुरहुर लावणारी पारंपरिक गाणी, ऐकणं, गाणं सुरू झालं की दिवे मंद करतात आणि जेवणाऱ्या माणसांचे काटे-चमचे थांबतात, असं मी दुसऱ्या कुठल्या शहरात पाहिलं नाही. बेलेंमध्ये १८३७ पासून करतात ते पाश्तेल, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डचं छोटं टार्ट, भट्टीतून आलेलं, वर दालचिनी घालून. अझुलेजू टाइल्सचं म्युझियम एका जुन्या कॉन्व्हेंटमध्ये आहे तेही असंच, तासन् तास जातात.

पण खरं सांगायचं तर या वेळी आईंना घेऊन जाऊ नका. शहर टेकड्यांवर आणि फुटपाथ छोट्या गुळगुळीत दगडांचे, पाऊस पडला की पाय सरकतो, गुडघ्याला ते सोसणार नाही. पुढच्या वेळी दोघंच या, लिस्बन आणि पोर्तो मिळून आठ दिवस. जाल तेव्हा टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं त्याला कुवेर्त म्हणतात, खाल्लंत तर पैसे लागतात, नको असेल तर हात न लावता परत करायचं, त्यात कोणाला राग येत नाही.

मधली_सुट्टी:
व्हिएन्नाबद्दल दोन गोष्टी. कॉफीहाऊसमध्ये एक मेलांज मागवलीत तर चांदीसारख्या छोट्या ट्रेमध्ये येते, बाजूला पाण्याचा ग्लास आणि त्या ग्लासवर आडवा ठेवलेला चमचा. मग कोणी उठा म्हणत नाही. लाकडी दांडीला लावलेले पेपर असतात, शेजारच्या टेबलावर एक आजोबा ते तास-दीड तास वाचत होते, वेटर मधे एकदा येऊन त्यांचा पाण्याचा ग्लास भरून गेला. आईंना चालून दमायला झालं की तासभर तिथेच बसवा. खायला काइझरश्मार्न, म्हणजे जाड पॅनकेक फाडून त्यावर पिठीसाखर आणि बाजूला आलुबुखारचा मुरंबा, अंडं चालतं म्हणालात म्हणून सांगतेय. जेवायला केझेश्पेट्झले, म्हणजे चीज घातलेला अंड्याचा छोटा पास्ता, पण वर बेकन नको म्हणून सांगा.

दुसरं म्हणजे होयरिगर, म्हणजे मळेवाल्यांच्या वाइनच्या साध्या खानावळी. व्हिएन्नाच्या हद्दीत खरोखरचे द्राक्षमळे आहेत, आणि १७८४ साली सम्राट दुसऱ्या जोसेफने मळेवाल्यांना स्वतःची वाइन स्वतः विकायची परवानगी दिली तिथून ही पद्धत पक्की झाली. डी नंबरची ट्राम पकडून नुसडॉर्फला जा, दारावर हिरवी फांदी टांगलेली दिसली की चालू आहे असं समजायचं. लाकडी बाकं, अंगण, लिपटाउअर नावाचं पेपरिकाचं लालसर चीज आणि काळा पाव, द्राक्षाचा रसही मिळतो. सप्टेंबरमध्ये श्टुर्म असतो, अर्धवट आंबलेला गढूळ गोडसर द्राक्षरस, थोडेच आठवडे मिळतो. गोड लागतो पण चढतो, सांभाळून.

रविवारी दुकानं बंद असतात, किराणाही, शनिवारीच फळं-पाणी घेऊन ठेवा. ऑपेराची उभ्याची तिकिटं अगदी स्वस्त असतात, लोक कठड्याला रुमाल बांधून जागा धरतात, पण तीन तास उभं राहायचं असतं तेव्हा तुम्ही दोघांपैकी एकानेच जा.

निघू_का:
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री आईला सगळं वाचून दाखवलं. चीजचं ऐकून ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली की पार्मिजानो नको, बाकी रिकोटा वगैरेचं विचारून खाऊ. पाँपेईचा पाव मात्र तिला बघायचाच आहे. शहरं चारच ठेवलीत, नेपल्स, रोम, बोलोन्या, व्हिएन्ना, आणि १७ ला नेपल्सला उतरतोय म्हणजे १९ तिथेच.

दोनच गोष्टी विचारायच्यात, रात्रीच्या गाडीत आईला जमेल का, आणि रेस्टॉरंटमध्ये फसवतात असं फार ऐकतो ते कितपत?

पायपीट:
गाडी आहे ती नाइटजेट, रोमहून व्हिएन्नाला जाते, बोलोन्याहून चढता येतं का ते तुमच्या तारखेला नीट बघून घ्या, रुळांची कामं चालू असली की मार्ग बदलतात. स्लीपर घ्या, बैठी सीट घेऊ नका, आणि आईंना खालचा बर्थ मिळेल असंच बुकिंग करा, वरच्यांना शिडी आहे.

फसवण्याचं म्हणाल तर रोममध्ये एका मोठ्या चौकातल्या हॉटेलात माझं एका माशाचं बिल अंदाजाच्या तिप्पट आलं होतं. मेनूवर भाव लिहिलेला होता, पण तो शंभर ग्रॅमचा होता, एत्तो म्हणतात त्याला, मी बघितलंच नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नाही. आई मासे खात नाहीत म्हणून त्यांच्यासाठी तो प्रश्नच नाही. इटलीत बऱ्याच ठिकाणी कोपेर्तो, म्हणजे टेबलाचे पैसे, माणशी एक ते तीन युरो बिलात असतात ते नेहमीचे आहेत, त्यावर वाद घालू नका. कॉफी उभ्याने काउंटरवर प्या, दीड युरोच्या आत-बाहेर मिळते, तीच टेबलावर बसून घेतली की भाव वाढतो. नेपल्समध्ये कॉफीबरोबर पाण्याचा छोटा ग्लास देतात, तो कॉफीच्या आधी प्यायचा, म्हणजे तोंड स्वच्छ होऊन कॉफीची चव लागते.

आणि दुपारी अडीचच्या आत जेवायला बसा, इटलीत त्यानंतर स्वयंपाकघरं बंद होतात ती साडेसातलाच उघडतात.

रोममध्ये पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रस्त्यात ठिकठिकाणी नाझोनी म्हणून लोखंडी नळ आहेत, वाकड्या नाकासारखे, पाणी थंडगार आणि पिण्याचं, सतत वाहत असतं. आईंना वाकायला लागू नये म्हणून सांगतो, नळाच्या तोंडावर खालून बोट दाबून धरा, वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं त्यातून पाण्याची धार कमानीसारखी वर येते, त्यांनी उभ्याउभ्याच प्यायचं.