ब्रेक्झिटच्या वेळी तिथल्या मराठी माणसांनी मत कसं ठरवलं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी सांगलीत अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवतो. यंदा वादविवाद स्पर्धेचा विषय आलाय, ‘देशाने राजकीय संघातून बाहेर पडावे का?’ अठरा पोरांनी तयारी करून आणली. अठराही भाषणं ‘सार्वभौमत्व’ या शब्दाने सुरू झाली आणि ‘जागतिकीकरणाच्या युगात’वर येऊन थांबली. एकाला विचारलं, बाबा रे, सार्वभौमत्व म्हणजे काय? तर म्हणाला, सर, ते इंग्लंडकडे नव्हतं.

ब्रेक्झिटचे, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा की नाही या मतदानाचे, आकडे वर्गात फळ्यावर आहेतच : २३ जून २०१६, ‘बाहेर पडा’ ५१.९ विरुद्ध ‘राहा’ ४८.१ टक्के, मतदान ७२ टक्के. ते नकोत. तिथे राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यांनाही राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून मत होतं, असं वाचलं. तुमच्यापैकी कोणी दिलं का? काय बघून दिलं? कामावर, घरात भांडणं झाली का? पोरांना हे वाचून दाखवायचं आहे, तेव्हा जरा खरं लिहा.

स्विंडनची_सिस्टर

सर, मी दिलं. आणि ‘बाहेर पडा’ला दिलं. इथल्या आमच्या मंडळात हे दोघींनाच माहीत आहे. इथे टोपणनाव आहे म्हणून लिहिते.

मी साताऱ्याची. २००५ पासून इंग्लंडात स्विंडनला नर्स आहे. आमच्या वॉर्डात तेव्हा पोर्तुगीज, स्पॅनिश, पोलिश मुली भरपूर होत्या. मी तशी कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण २०१३ ला वडील गेले आणि आई एकटी पडली. तिला इकडे आणावं म्हणून वकिलाकडे गेले. त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै २०१२ मध्ये, नियम बदलला होता. आईवडिलांना कायमचं आणायचं तर त्यांना रोजची कामं स्वतःची स्वतः करता येत नाहीत, आणि ती देखभाल त्यांच्या देशात पैसे मोजूनही मिळत नाही, हे दोन्ही दाखवून द्यायचं. आमची आई तेव्हा रोज पहाटे अजिंक्यतारा चढून यायची. वकील हसला. म्हणाला, माझी फी वाचवा, अर्ज करूच नका.

त्याच सुमाराला माझ्यासोबतच्या पोलिश मुलीची आई आली. स्वस्तातलं विमान, हातात नुसतं ओळखपत्र. आली आणि राहिली. बाई फार गोड. लेकीच्या डब्यातून मला बिटाचं सूप पाठवायची. मी सूप प्यायचे आणि जळायचे.

एवढंच होतं सर. सार्वभौमत्व वगैरे माझ्या डोक्यात नव्हतं. बाहेर पडा म्हणणाऱ्यांच्या प्रीती पटेल करी हाउसवाल्यांना सांगत फिरत होत्या की युरोपातून कोणीही येतं आणि तुमचा आचारी मात्र व्हिसाला अडकतो; बाहेर पडलो की सगळ्यांना एकच माप लावू. मला ते पटलं. युरोपला जाणारे आठवड्याचे ३५ कोटी पौंड सरकारी दवाखान्यांना देऊ, असं त्यांच्या प्रचाराच्या लाल बसवर लिहिलं होतं; ते मात्र आमच्या वॉर्डात कोणीच मनावर घेतलं नाही. ब्रिटनला मिळणारी सूट वजा न करताच तो आकडा धरलाय, हे पेपरात येऊन गेलं होतं. आणि सरकारी दवाखान्यात पैसा कसा झिरपतो, हे आम्हाला कोणी बसवर लिहून सांगायला नको.

मतदान प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये. मी आपली सवयीने पासपोर्ट घेऊन गेले, तर तेव्हा ओळखपत्र मागायची पद्धतच नव्हती. टेबलावरच्या बाईने यादीवर पट्टी ठेवली, नाव खोडलं, कागद दिला. बोटाला शाई नाही. मत द्यायच्या आडोशाला दोरीला बांधलेली पेन्सिल. पेन्सिलीची खूण खोडून टाकतात अशी अफवा उठल्यामुळे लोक घरून पेन आणत होते. खरं सांगते, मीही आणलं होतं.

आता गंमत ऐका. आमच्या शेजारी गोव्याचे काका राहतात, सासष्टीचे. स्विंडनला गोव्याची माणसं खूप, आणि बहुतेकांकडे पोर्तुगीज पासपोर्ट. १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना तो मिळू शकतो. काका त्यावर आलेले, गोदामात रात्रपाळी करायचे. मे महिन्यात नगरपालिकेला त्यांनी त्याच शाळेत मत दिलं होतं. जूनमध्ये नाही, कारण ते युरोपीय नागरिक! ज्या मतदानावर त्यांचं इथलं राहणं ठरणार, त्यात त्यांना मत नाही आणि मला आहे. फाटकाशी उभे राहून म्हणाले, “तुका मत दिवपाक मेळटा, म्हाका मेळना. म्हजेखातीर बरें दी गो.” मी मान डोलावली. कशाला, ते त्यांना आजही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हँडओव्हरला कळलं, स्विंडनमध्ये जवळपास ५५ टक्के ‘बाहेर’. पंतप्रधान कॅमेरॉन तासाभरात राजीनामा जाहीर करून मोकळे. नवऱ्याचा मेसेज : पौंड शंभराच्या आसपास होता तो धाडकन खाली, हप्त्याचं बघ. (पुण्यातल्या फ्लॅटचा.) वॉर्डात एक आजोबा होते, ग्रिम्सबीचे, आयुष्यभर ट्रॉलरवर मासेमारी केलेले. पोर्तुगीज सिस्टर त्यांची ड्रिप बदलत होती आणि ते तिला समजावत होते, “तू नाही गं पोरी, तू चांगली आहेस. आम्ही ते दुसरे म्हणत होतो.” ती काही बोलली नाही. थेंब मोजत राहिली. दोन वर्षांनी गेली पोर्तोला परत.

तटस्थ

म्हणजे स्वतःच्या आईच्या व्हिसासाठी तुम्ही परक्या देशाच्या चाळीसहून जास्त वर्षांच्या संसारात काडी घातलीत. धन्य आहे. भारतात बसून हे वाचताना लाज वाटली.

लीथकर

तटस्थजी, जरा दमानं. मी एडिंबरात असतो आणि दोनदा मत दिलंय. २०१४ ला स्कॉटलंडने ब्रिटनमधून बाहेर पडावं का, आणि २०१६ ला ब्रिटनने युरोपातून. दोन्हीकडे ‘राहा’. पहिल्यांदा ५५ टक्के मतं मिळवून जिंकलो, दुसऱ्यांदा हरलो, आणि हरल्यावर कळलं की पहिलं जिंकणंही फुकट गेलं. कारण २०१४ ला आम्हाला दारोदार सांगितलं होतं, युरोपात राहायचंय ना? मग ब्रिटनमध्ये राहा. वेगळे झालात तर बाहेर पडाल. दोन वर्षांत काय झालं? स्कॉटलंडचं ६२ टक्के मत ‘युरोपात राहा’ला, बत्तीसच्या बत्तीस विभागांत, आणि तरी बाहेर.

सर, पोरांना एक फरक दाखवा. २०१४ ला वेगळं होऊ म्हणणाऱ्यांनी साडेसहाशेहून जास्त पानांची श्वेतपत्रिका काढली होती. त्यातल्या चलनाच्या मुद्द्यावर त्यांना धोपटलं, पण धोपटायला निदान कागद होता. २०१६ ला बाहेर पडू म्हणणाऱ्यांकडे असं काहीच नव्हतं, त्यामुळे ज्याने त्याने आपापला ब्रेक्झिट मनात रंगवला. सिस्टरताईंनी आईचा, आजोबांनी माशांचा. माझ्या इटालियन घरमित्राने २०१४ ला माझ्यासोबत रांगेत उभं राहून मत दिलं. तेव्हा युरोपीय नागरिकांना होतं, सोळा वर्षांच्या पोरांनाही होतं. २०१६ ला तो घरी बसून माझ्यासाठी पास्ता करत होता.

स्विंडनची_सिस्टर

तटस्थ, लाज मलाही वाटते, पण तुम्ही म्हणता त्याची नाही. तिथे काय कोणी आदर्श नागरिकशास्त्राची वही घेऊन गेलं होतं? ग्रिम्सबीच्या आजोबांचंच घ्या. त्यांच्या बोटी बंद पडल्या त्या मुख्यतः १९७६ ला आइसलंडने कॉडचं पाणी ब्रिटिशांना बंद केलं म्हणून. आइसलंड आजही युरोपीय संघात नाही. राग निघाला ब्रसेल्सवर, म्हणजे युरोपीय संघावर. तसाच माझा. आईचा नियम लंडनमध्ये केलेला होता, ब्रसेल्सचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. मी ज्याला मत दिलं त्याने तो नियम बदलणारच नव्हता. याची लाज वाटते, की फॉर्म नीट वाचणारी बाई मी, आणि हे तेव्हा सुचलं नाही.

नियम अजून तसाच आहे. एकच माप लागलं म्हणा, नव्याने येणाऱ्या पोलिश माणसाला आता आमचेच नियम. आमच्या वॉर्डात आता केरळ, फिलिपिन्स, नायजेरिया. माणसं कमी व्हावीत म्हणून ज्यांनी मत दिलं, त्यांच्या नशिबी जून २०२३ पर्यंतच्या एका वर्षात नऊ लाखांवर निव्वळ स्थलांतर आलं. इथला होंडाचा कारखाना २०२१ ला बंद झाला. कंपनी म्हणाली ब्रेक्झिटमुळे नाही. बसमध्ये ते कोणालाच पटत नव्हतं. मी त्यावर काही बोलत नाही.

पेडणेकार

गोव्याच्या काकांचं वाचून राहवलं नाही. आमच्याकडे हे १९६७ ला झालंय, फक्त उलटं : बाहेर पडायचं नव्हतं, महाराष्ट्रात जायचं की नाही ते ठरवायचं होतं. १६ जानेवारी. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. पेडण्यातलं आमचं घर सगळं फुलाचं, आजी सोडून. तिने दोन पानांवर शिक्का मारला आणि आजोबांना कळलं तेव्हा आठ दिवस त्यांनी तिच्या हातचा चहा घेतला नाही. कारण काय, तर तिची बहीण मडगावची. सणावाराला तिच्याकडे जायचं तर मुंबईचं सरकार मधे कशाला, हे तिचं राजकारण. पानं ३४,०२१ मतांनी जिंकली.

आणि सर, हे पोरांना सांगाच : त्याच मतदारांनी दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, विलीनीकरणवाल्या भाऊसाहेब बांदोडकरांनाच पुन्हा निवडून दिलं. सरकार तुम्ही चालवा, पण घर आमचं वेगळंच. नुसतं फूल की पान विचारलं असतं तर हे कुठल्या कागदावर दिसलं असतं?

कृष्णाकाठ

ताई, तुमचं काल वर्गात वाचलं. पोरं गप्प होती, मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, सर, त्यांनी शेजारच्या काकांना सांगितलं का नंतर?

स्विंडनची_सिस्टर

नाही सांगितलं. २०१९ ला त्यांचा कायम वास्तव्याचा अर्ज मीच भरला. अर्जाचं ॲप तेव्हा आयफोनवर चालायचं नाही, म्हणून नवऱ्याच्या फोनवर. पासपोर्टची चिप वाचली जाईना, तीनदा कव्हर काढून घातलं. मंजुरीचा नुसता ईमेल येतो, कार्ड वगैरे काही नाही. काका विचारत राहिले, “कागूद खंय?” मग मी तो ईमेल छापला, प्लास्टिकमध्ये घालून दिला. त्यांनी तो दर्शनी खोलीत, सायबिणीच्या (मेरीमातेच्या) तसबिरीखाली लावलाय. जाता-येता खिडकीतून दिसतो.