मदत हवी आहे: नागपूर-लोणार-अजिंठा, पोरं आणि आईसोबत

नमस्कार मंडळी,
दिवाळीनंतर गाडीनं निघतोय. सोबत दोन पोरं (११ आणि ७ वर्षं) आणि गुडघेदुखीवाली आई. रामटेकजवळच्या मनसरचे जुने अवशेष पाहिल्यापासून थोरलीच्या डोक्यात वाकाटक (विदर्भातलं प्राचीन राजघराणं) बसलेत. अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं वाकाटक राजा हरिषेणाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्यानं कोरवून घेतलं हे कळल्यावर तर "आपल्याच राजांचं आहे ना ते" हेच चाललंय. (तो राजा वाकाटकांच्या वाशीमच्या शाखेचा, आपल्या नागपूरकडच्या नाही, पण तिला कोण समजावणार बाप्पा!)

समृद्धीनं मेहकरला उतरून लोणारला मुक्काम, मग अजिंठा. लेणी सोमवारी बंद असतात, तो वार टाळलाय.

लोणारच्या विवरात उतरून काठावरची देवळं पाहायचीत. सात वर्षांचं पोरगं परत चढेल का, की कडेवर घ्यावं लागेल? गावातलाच जाणकार वाटाड्या कोणाच्या माहितीत आहे का? मुक्कामही कोणाच्या घरी मिळाला तर बरं, चार पैसे गावात राहतील. २०२० पासून लोणार सरोवर रामसर स्थळ (जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, म्हणून पाणी स्टीलच्या बाटल्यांतच नेतोय. खालच्या झाडीत चिप्सची पाकिटं पाहिली की डोकंच फिरतं.

अजिंठ्याला डोली मिळते, पण आई माणसांच्या खांद्यावर बसायला तयार नाही. पायऱ्या चढून वर पोचल्यावर पुढची वाट तिला झेपेल का? आणि धाकट्याचा हात भिंतीवरच्या चित्रांपासून लांब ठेवायला तुम्ही काय युक्ती करता?